फारा

बोलुंगार्विकच्या मासळी कारखान्यात
शिफ्ट सुटली की हात्लफ्रिदुर म्हणते,
"येग एर आद फारा."
निघते मी. एवढंच.

व्हेतुरिया ते फळ्यावर लिहिलेलं बघते
आणि थबकते.
तिच्या रोमानियनमध्ये हीच चार अक्षरं,
फक्त दोन्ही स्वरांच्या डोक्यावर चंद्र,
की अर्थ होतो: विना.

कॉडचे काटे उपसता उपसता विचारते,
कशाविना?
कुणीच उत्तर देत नाही, पट्टा चालू असतो.

"आमच्याकडे निघण्याला 'प्लेका'," ती सांगते,
"लॅटिनमधली घडी आहे त्यात.
शिकलेले म्हणतात, तंबूची.
मला विचाराल तर उशीच्या अभ्र्याची.
आईनं चारदा घातली, चारदा मोडली,
बस लागली तरी."

रात्री मी कोश उघडून बसतो.
'फारा' निघतो आपल्या 'पार'चा
लांबचा चुलत भाऊ.
आणि तिच्या 'विना'च्या मुळाशी
दार.
साधं आपलं दार, बाहेरून पाहिलेलं.

हे तिला सांगायचं होतं.
पण शुक्रवारी हात्लफ्रिदुरची शेवटची पाळी.
एकेचाळीस वर्षं, केक, टाळ्या,
मग ओला एप्रन खुंटीला तसाच टाकून
"फारा" म्हणाली, नेहमीसारखी,
आणि बर्फात गाडी सुरू व्हायला
तीनदा किल्ली फिरवावी लागली.

व्हेतुरियानं एप्रन काढला.
घडी घालत होती.
खवले चिकटलेले,
नीट बसत नव्हती.