परीक्षकाची वही

नोव्हेंबरात मी फ्रीसलँडभर दारोदार जातो.
पिशवीत थर्मामीटर, थेंबांच्या बाटल्या, शिसपेन्सिल
आणि ही सतरा रकान्यांची वही.
आमच्या मंडळातले लोक वर्षभर एकमेकांना पाण्यात पाहतात.
मी एकदाच येतो
आणि खरोखरच पाण्यात पाहतो.

सकाळी डाउवेकडे होतो.
त्याच्या टाकीत लोबेलियाची गल्ली,
पुढे बुटकी रोपं, मागे उंच,
पायरीपायरीनं चढत अंधारात वळलेली,
जणू वळणापलीकडे कुणी दिवा लावून जेवायला बसलंय.
पानांच्या कडांना प्राणवायूचे मणी.
मागच्या साली कोवळी पानं पिवळी होती, शिरा तेवढ्या हिरव्या.
लोह घाल म्हटलं होतं. घातलं त्यानं.
चौऱ्याऐंशी गुण. कॉफी बरी, केक कोरडा.

दुपारी रिक्स्ट बूमस्मा, तिसरा मजला.
एकतीस वर्षं तिनं कालव्याची दारं उघडली-मिटली,
होड्यांना एका पातळीवरून उचलून
दुसऱ्या पातळीवर अलगद ठेवलं.
आता ती दारं ल्यूवार्डनमधून कुणीतरी बटणानं मिटतो,
आणि दारांशेजारचं घर
एका दंतवैद्यानं सुट्टीसाठी घेतलंय.
सप्टेंबरात टाकी दोरानं खिडकीतून वर आली,
झाडं ओल्या वर्तमानपत्रात, बादलीतून.

क्रिप्टोकोरिनला घर बदललेलं सोसत नाही.
आठवड्यात पानं काचेसारखी पारदर्शक झाली,
मग त्यांची लापशी.

मी खुर्ची ओढून समोर बसलो.
गाळ. खुंट. पाच निऑन मासे. एक गोगलगाय.

“जावई म्हणतो, प्लास्टिकची आण, धुता येतात,”
रिक्स्ट म्हणाली, आणि पुढे काही म्हणाली नाही.
मुळाला हात लावला नव्हता तिनं.
रोज सकाळी कात्रीनं सडकं तेवढं कापायचं,
आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं,
नवं पाणी आदल्या रात्रीपासून खोलीत ठेवलेलं.
खत निम्म्यावर आणलेलं. “जेवत नाही त्याला वाढून काय करू?
ते शेवाळंच खातं.”
दिवा दहा तासांवरून सहा तासांवर.

“यंदा नाव मागे घेता आलं असतं,” मी म्हणालो.
“वर्गणी भरलीय,” ती म्हणाली. “लिही.”

लिहीत गेलो.
मांडणी: शून्य.
रंगसंगती: तपकिरी आणि तपकिरी. एक.
मासे: नीट. नऊ.
पाण्यात थेंब टाकले, नळी हलवली, उजेडाकडे धरली,
आणि पुन्हा नव्यानं केलं, कारण विश्वास बसेना.
असं पाणी मला अख्ख्या मोसमात दिसलं नव्हतं.
दहा.
ती टाकीकडे पाहत नव्हती,
माझ्या पेन्सिलीकडे पाहत होती.
वीस झाले.
“गोगलगाय धरलीस?”
“गोगलगाईला रकाना नाही, रिक्स्ट.”

वाढीचा रकाना राहिला होता.
नियम असा, की टाकी तिच्याच दिव्यात पाहायची,
समोरून, टॉर्चशिवाय.
दिवा चारला लागतो. घड्याळात तीन चाळीस.
“आजच्यापुरता आधी लाव की.”
“का? झाडांना काय ठाऊक, तू कोण आहेस?”

मग आम्ही बसून राहिलो.
खाली कुणीतरी सायकलला कुलूप घातलं.
बाहेर लवकर मावळणारा दिवस
पडद्याच्या काठाकाठानं मागे सरत गेला.
तिनं दुसऱ्यांदा कॉफी ओतली, केक नव्हताच.
पाच मासे हळूहळू करडे झाले,
मग फक्त त्यांच्या निळ्या रेघा,
मग त्याही नाहीत.
पंपाची घरघर तेवढी, जुन्या खोलीतली,
जी या खोलीत अजून नीट बसली नव्हती.

चार वाजता टिक झालं.
डोळे दिपले. आधी मला नुसता गाळ दिसला,
गाळावर खुंटांच्या सावल्या.
माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली, तरी मी खाली वाकलो,
नाक काचेला टेकेपर्यंत.

“उजवीकडे,” ती मागून म्हणाली.
“काळ्या दगडाच्या अलीकडे. गुंडाळलेलं आहे अजून,
नीट बघ.
आणि काचेवर बोट नको ठेवूस.”