एक्याऐंशीचा दंड

याग्नाने वहीत रेघा आखून दिल्या:
"बाबा, 'जिंकणारच' हा शब्द बाद.
किती टक्के, तेवढंच लिही."

नव्वद लिहिलं नि संघ हरला, तर दंड एक्याऐंशी.
साठ लिहिलं असतं तर छत्तीसवर भागलं असतं.
छातीठोक बोलण्याची किंमत
मला साठाव्या वर्षी कळतेय.

तशी टक्क्यांशी जुनी ओळख.
खाणीत मिथेन दोन टक्के झाला की
हत्यारं टाकून आम्ही वर.
दोन म्हणजे कमी, असं तिथे कुणी म्हणत नसे.

वर्षअखेरी हिशेब: सत्तर म्हटलेले सामने वीस,
खरे ठरले अकरा.
चुकलेल्या नवांपैकी सात
आपल्या कातोवित्सेच्या पोरांचे.
याग्ना काही बोलली नाही. चहा ओतला.

आज अंतिम सामना. पलीकडच्या पाच कीबोर्डांवर कोपनहेगनवाले,
नकाशा त्यांच्या आवडीचा,
आणि आपला नेमबाज, शेजारच्या बोझिवोयचा धाकटा,
मनगटाला पट्टी बांधून बसलाय.
अठ्ठावन्न लिहिलं होतं. खोडलं.
चौतीस केलं.
वही खिशात घातली,
मफलर सारखा केला, आपल्याच रंगाचा,

आणि पहिली फेरी सुरू व्हायच्या आधीच
माझा घसा बसला.