उत्पादन दिनांक

डबीच्या तळाशी बोटभर जागा.
तिथं तारीख घालायची,
असं साताऱ्याच्या साहेबांनी सांगितलं,
आणि तिच्याखाली: किती महिने टिकेल.

मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत.
म्हणून पेन माझ्याकडं.

केळघरच्या खालच्या अंगाला आमची वाडी.
एकोणीस घरं, एक बोअर,
आणि पत्रे गळणारं समाजमंदिर,
त्यात उन्हाळाभर रातंब्याच्या बिया वाळल्या.
आता थंडी पडली. टाचा फुटायचे दिवस.

ठमी हिलम बिया फोडते.
दगड एकदा पडतो, दोनदा पडत नाही.
कुणी म्हणालं, किती तालात गं,
तर म्हणते, "ताल न्हाय. काम हाय."

चांगुणा लगदा उकळते, ढवळते,
धुरानं डोळे पुसते, पुन्हा ढवळते.
तेल वर यायला लागलं
की अकराच्या अकरा जणी गप्प होतात.
भांडण असलं तरी.

आमच्या आज्या खैराचा गाभा उकळायच्या.
कात पाडायच्या, म्हणून आम्ही कातकरी.
विडा रंगायचा गावात,
हात रंगायचे आमचे.
भट्टी ठेकेदाराची, हंडा ठेकेदाराचा,
उचल त्याच्याच वहीत.
हा हंडा आमचा आहे.
बुडाला पोचा आहे, तोही आमचाच,
बाळीनं पाडलाय, कबूल करत नाही.

सकाळी तेल थिजून पांढरं होतं.
गोमाबाई ते उचलते, मूठ आवळते, सोडते.
गोळ्यावर चार बोटांच्या खाचा.
एवढं झालं की पुढचं सोपं:
सातेरीचं मेण, थोडी राळ,
मंद आच, आणि डबीत.
पण खाचांचे गोळे वितळवताना
मला दर वेळी थोडं थांबावं लागतं.

पुण्याची एक बाई येऊन गेली, मऊ बोलणारी.
म्हणाली, यावर "गोरेपणा" छापा,
चौपट खपेल.
गोमाबाईनं हात पुढं केला,
कोपरापासून नखांपर्यंत, चुलीसारखा काळा.
"चाळीस वरसं चोळतीय, बाय. बघ की."
बाई हसली. मग हसायची थांबली.
मग तिनं सहा डब्या घेतल्या, टाचांसाठी.

तर, तारीख.

आधारकार्डावर आम्ही अकरा जणी
एक जानेवारीला जन्मलो.
कार्ड काढणाऱ्या पोरानं विचारलं होतं.
गोमाबाई म्हणाली, भूकंप झाला
तवा मी आईच्या अंगावर पीत हुते.
ठमी म्हणाली, कण्हेरचं पाणी चढलं त्या साली,
करवंदं पिकली हुती.
यंत्रात करवंदांना जागा नव्हती.
पोरानं एक जानेवारी दाबलं, अकरा वेळा,
आणि चहा मागितला.

मी विचारलं, आज किती तारीख?
चांगुणाच्या लेकानं फोनमध्ये बघून सांगितलं.
बावीस नोव्हेंबर.
मी जपून लिहिलं.
कोण कुठं बसलं होतं, कुणी ढवळलं, कुणी गाळलं,
सगळ्यांच्या समोर झालेलं.
या तारखेवर कुणीच
हरकत घेऊ शकत नाही.

"आणि टिकंल किती?"
गोमाबाई वैतागली.
"ठिवायला दिलंय का? लावायला दिलंय.
संपवा म्हणावं."
मी लिहिलं, अठरा महिने.

"वाच," म्हणाली.
वाचलं.
"कुठं हाय ते बावीस?"
दाखवलं.
तिनं त्यावर अंगठा ठेवला,
रेशनच्या यंत्राला कधी न सापडणारा,
तेलानं माखलेला अंगठा,
आणि उचलला, तर शाई फिसकटली
आणि कागदावर रेघ न् रेघ उमटली,
भोवऱ्यासकट.

ती डबी विकायला जमत नव्हतं.
खिडकीत ठेवलीय.
सांजच्याला हात धुऊन झाले
की त्यातलंच आम्ही लावतो.