यजमान

तीन टॅब उघडे. चहा गार.
पहिल्यातला सर्व्हर दोन मिसळींच्या भावात,
पण राहतो कुठे, ते कुठेच लिहिलेलं नाही.
दुसऱ्याकडे सगळं आहे, इतकं
की दरपत्रक वाचायलाच माणूस ठेवावा लागेल.
माल आत न्यायला फुकट, बाहेर काढायला किलोवर.
तिसरा मुंबईतला. साइट जुनाट,
फोन नंबर मात्र पहिल्याच ओळीत.

भालूकाका शौचे विचारतात, होस्टिंग म्हणजे काय गं?
मी म्हणाले, आपलं ॲप ज्याच्या घरी राहणार तो.
यजमान म्हणा.
ते हसले. यजमान तर आमच्याकडे येतो.
राहणारे आम्ही.

रामकुंडापासून चार पावलांवर त्यांचा माळा,
लाल फडक्यात बांधलेल्या वह्या,
वाटण्या गावांवर झालेल्या:
निफाड-येवला काकांकडे, खानदेश धाकट्याकडे,
आणि बागलाणावरून अजून बोलत नाहीत.
(याला आमच्याकडे शार्डिंग म्हणतात.
भांडण धरलेलं नसतं त्यात.)

पूर आला तर? काकांनी खिडकीतून
दुतोंड्या मारुतीकडे बोट केलं.
गुडघ्याला पाणी लागलं की खालच्या फळीवरच्या वह्या उचलतो,
कमरेला लागलं की वरच्या.
छातीला लागलं त्या साली
आधी आईला उचललं, मग वह्यांना,
आई शेवटपर्यंत म्हणायची, उलटं करायला हवं होतंस.
तुझ्या सर्व्हरचा मारुती कुठाय?

मी वहीत लिहून घेतलं.

सिंहस्थाचं काय? एरवी दिवसाला चाळीस माणसं,
मग एका पहाटे अख्खा देश.
तेवढ्यासाठी बारा वर्षं मोठ्या घराचं भाडं भरायचं?
नाही काका, जागा वाढते आणि परत आकसते.
म्हणजे मांडव.
हो. मांडवच.

पटलं नाही तर बाडबिस्तरा उचलता येतो का,
की दारात अडवतो?
आणि मालक गेला तर पुढे कोण बघतं?

तुलनेच्या तक्त्यात
हा शेवटचा रकाना नव्हता.

मग मी रात्री पावणेदोनला तिघांनाही गाठलं.
पहिल्याकडे यंत्र म्हणालं, तुमचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा आहे.
दुसऱ्याने तक्रार क्रमांक दिला,
माझ्या आधार कार्डापेक्षा लांब.
तिसऱ्याकडे खोकत कुणीतरी उचलला:
सुहैल बोलतोय.
बॅकअप रोज घेता का? घेतो.
परत लावून बघता का?
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मार्चमध्ये बघितला होता मॅडम. त्यानंतर नाही.
उद्या लावून बघतो, सांगतो.

सकाळी नऊ दहाला फोन आला. लागला म्हणाला,
दोन फोटो हरवले होते, कारण सापडलंय.

वर्षाचे पैसे काकांनी पाकिटातून मोजून दिले,
वर एक रुपया.
त्या रुपयाचं बिल कसं करायचं
मला अजून समजलेलं नाही.

आज सातपूरच्या खोलीत मी एकटी.
खाली कारखान्याची रात्रपाळी, प्रेसचा ठोका
पायाच्या तळव्यांना लागतो.
ॲप चढलं. पहिली नोंद चाचणीची.
समोर स्कॅन केलेलं आमचंच पान, पिंपळगाव:
पणजोबांची सही मोडीत, आजोबांची बोरूसारखी जाड,
वडिलांची, मग भावाची, बॉलपेनने, घाईतली.
या वहीत लेकींची नावं सासरच्या पानावर जातात
आणि सासर काही मी केलं नाही.

म्हणून चाचणीला म्हणून घातलं:
शलाका. मुक्काम नाशिक.
आली होती कामासाठी.

चाचणीच्या नोंदी पुसायच्या असतात, हे मीच
नव्या पोरांना शिकवते.
बॅकअप दोनला निघतो.
दोनला पाच कमी आहेत.