पट

रताळी काढायच्या आठवड्यात
वर्गात चौघं.
पटावर अकरा.

रजिस्टरचे रकाने कन्नडात, नावं मराठीत,
आणि मी अतिथी शिक्षिका, मार्चपर्यंत.
दोन्हीकडं सारखा वाजतो असा
एकच शब्द त्यात: हाजरी.

दुपारी सांबार उरलं.
डबा भरला, रजिस्टर काखेत मारलं,
चौघांना घेऊन टेकाडाखालच्या शिवारात उतरले.
लाल माती. नांगरामागं वाकलेल्या पाठी.
बांधावर उभी राहून नावं घेतली.
रवळू. "हाजर, बाई!"
सातेरी. वेलांच्या ढिगामागून एक हात.
भरमाण्णा ट्रॅक्टरवर होता, त्यानं हॉर्न दिला.

थोरल्या मुली नव्हत्या.
सातच्या बसनं बेळगावला, कॉलेजात;
तिथं तास कन्नडात
आणि वहीच्या कडेला
पेन्सिलीनं बारीक मराठी.

अकरा भरले. रजिस्टर मिटणार,
तेवढ्यात सातेरीची आई, यल्लूबाई,
कंबर सरळ करत म्हणाली,
"ह्याच साळंत होतो की मी. तिसरीपातूर.
मग मास्तरची बदली झाली,
दुसरा आलाच न्हाई."

साल काही तिला आठवेना.
"माझा नंबर त्रेचाळीस,"
एवढं म्हणाली,
आणि रताळं झटकून पोत्यात टाकलं.