मातीखालची खोली

मी गिलाव्याचा माणूस.
मला देवाचं विचारू नका,
चुना किती मुरला ते विचारा.

फरातच्या काठी, तटाला टेकलेल्या गल्लीत
शलमतनं मला बोलावलं. लोकरवाल्याची विधवा.
म्हणाली, झब्दिबोल, दोन खोल्यांमधली ही भिंत पाड,
माणसं मावत नाहीत.

कोण माणसं?
अंत्युखियाचा एक कातडी कमावणारा,
एदेसाहून आलेला खेचरवाला, त्याची पोटुशी बायको,
दोन शिपाई, तलवारी उंबऱ्याबाहेर ठेवणारे,
आणि बतमल्कू, घरची गुलाम पोर,
शलमतच्या शेजारी बसलेली,
हो, शेजारीच, एकाच चटईवर.
भिंतीपेक्षा हेच मला जड गेलं.

पाडली भिंत.
आतल्या खोलीत कमानीखाली हौद बांधला,
कमरेइतकाही खोल नाही.
म्हटलं, एवढ्यात बुडणार कोण?
खेचरवाला हसला : मी बुडूनच आलोय.

फौज पसरते तसं हे पसरत नव्हतं.
उधारीसारखं होतं काहीतरी.
अंत्युखियातल्या कुणी एदेसातल्या कुणाला एक पत्र दिलं,
त्याला ते फेडता येईना, म्हणून त्यानं
उतरवून पुढच्या गावाला दिलं.
खोगिराखाली, लोकरीच्या गाठोड्यात,
घामानं अर्धी शाई गेलेली.
गेलेले शब्द ते तोंडानं भरून काढायचे,
आणि प्रत्येकाचे थोडे वेगळे निघायचे.
त्यावरून भांडायचेसुद्धा, बरं का.
मी वर पाडावर बसून ऐकायचो.

मग इराणी आले.
हुकूम निघाला : तटालगतची घरं मातीनं भरा,
तट जाड करा.
शलमतनं खेचरावर दोन गाठोडी बांधली,
भिंतीकडे वळून पाहिलंही नाही.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
बतमल्कू तेवढी थांबली.
म्हणाली, तू येतोस?
तिकडेही भिंती असतील.

मी टोपल्या वाहिल्या.
मेंढरू खांद्यावर घेतलेला तो रंगवलेला माणूस
आधी गुडघ्यापर्यंत बुडाला, मग छातीपर्यंत,
मग मेंढराचे कान तेवढे वर.
गिलावा कुठंही फुटला नव्हता.

पुढची टोपली उचलली तेव्हा लक्षात आलं,
तिकडे म्हणजे कुठे,
ते विचारायचं राहिलंच.