पावणेतीनची रेघ

फतेगंजच्या मागल्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर,
रात्रीचे पावणेतीन.
काचेच्या पेल्यात मीठपाणी बुडबुडतंय,
बत्तीस अंश, ना कमी ना जास्त,
आणि जाळीवर उंदराच्या मेंदूचा एक काप.
चारशे मायक्रॉन. उजेडाशी धरलेल्या
पापडासारखा, अर्धा आरपार.

उंदीर दुपारी एकला गेला.
काप अजून बोलतोय.

या टोकाला मी विजेची हलकी टिचकी मारते,
त्या टोकाला पडद्यावर रेघ खाली झुकते, सावरते.
अर्ध्या मिनिटाला एक.
तीच टिचकी, तेवढाच झोका, वीस मिनिटं.
मग सेकंदाला शंभर, एका दमात.

तिथं आता काय होत असेल, मला पाठ आहे.
एक दार असतं. उंबऱ्यात मॅग्नेशियमचा एक कण
बूड टेकून बसलेला.
बाहेरून ग्लुटामेटनं कितीही कडी वाजवली
तरी हा उठत नाही.
घरात गलबला हवा
आणि नेमकी त्याच क्षणी बाहेरून हाक.
दोन्ही जुळलं की उठतो.
कॅल्शियम आत घुसतं,
आणि आतल्या अंधारात ठेवून दिलेले
दुसऱ्या जातीचे रिसेप्टर
वर येऊन भिंतीला लागतात.
मला हे फार आवडतं, सांगायला कुणी मिळत नाही:
बोलणारा मोठ्यानं बोलू लागत नाही,
ऐकणाऱ्याला आणखी कान उगवतात.
(निदान या वळणावर. उलट म्हणणारेही आहेत,
त्यांचं मी वाचलंय.)

साताऱ्याहून आले तेव्हा इथल्या पाट्या
अशा दिसायच्या, की वाळत घातलेल्या धुण्याची
दोरीच कुणी काढून नेलीय
आणि कपडे तसेच हवेत.
पाचचा आकडा आणि प, मला एकच.
एकदा निघाले स्टेशनला, उतरले मकरपुऱ्याला.

बाटल्यांवरची अक्षरं जितुभाई राठवांची,
सिलिंडर बदलणारे, छोटाउदेपूरकडचे.
ग्लुकोजच्या बरणीवर त्यांनी गमतीनं लिहिलेलं, खांड.
मी मीठ समजून ओतलं.
दारातून जितुभाई ओरडले, ‘खांड छे, बेन, खांड!’
माझ्या छातीत तेव्हा आधीच धडधड होती,
पाणी का गढुळतंय म्हणून.
दिवसभराचे काप मेले.
तो शब्द आजवर पुसला गेलेला नाही.

त्याआधी किती वेळा मला तो
शांतपणे वाचून दाखवला होता त्यांनी.

काल दार बंद ठेवणारं औषध पाण्यात घातलं होतं.
त्याच शंभर टिचक्या. रेघ जराशी दचकली
आणि पंधरा मिनिटांत होती तिथं.
शिकवणी झाली, लागलं काही नाही.
आज मात्र झोका दीडपट.
एक तास झाला. दीडपट.
आता टिचकी तीच, जुनी, हलकी.

जितुभाई दोन कप घेऊन आले, पडद्याकडे पाहिलं.
‘याद राख्युं?’
‘हो.’
बशीत ओतून, फुंकर घालून,
‘तो आ याद कोनी कहेवाय?’

उंदराची म्हणावी, तर त्याला घेऊन जायला
ना पाय आहेत, ना बीळ, ना उद्या.
माझी म्हणावी, तर मी नुसती नोंद ठेवते.
मी म्हटलं, चहात साखर जास्त झालीय.
ते म्हणाले, खांड.

पहाटे साडेपाचला रेघ अजून खाली, ठाम.
पुढे टिकवायची तर पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात,
तेवढं आमचं पाणी पुरवेलसं वाटत नव्हतं,
शिवाय पाळी संपलेली.
आलेख फाइलमध्ये गेला. काप लाल पिशवीत.
चिमट्याला लागलेला इवलासा तुकडा
मी नळाखाली जरा जास्त वेळ धरला.

खाली सेव-उसळची गाडी, ताडपत्री ओढलेली,
बाजूला खडूनं लिहिलेली पाटी:
आजे रोकडा, काले उधार.
मी आधी हसले.
वाचलं नंतर.